कानपिळीचा मान

“टेप धरा,” ती म्हणाली.

मी इकडेतिकडे पाहिलं. कार्यालयाच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो, म्हणजे टेप मलाच धरायची होती.

“अहो, धरा ना. त्या खांबाला टेकवून. आणि वाकडी नको.”

मी धरली. वाकडीच धरली असणार, कारण स्टेजच्या दुसऱ्या टोकावरून तिनं मान हलवली. “म्हैस धरायला मला चार माणसं लागतात. टेप धरायला एक पुरेल असं वाटलं होतं.”

“तुम्ही म्हशी धरता?”

“जनावरांची डॉक्टर आहे मी. शलाका मनोळीकर. पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, मुग्धाचं, लग्न आहे इथं. आणि तुम्ही यशोधन बावडेकर, या कार्यालयाचे मालक. बाहेर आजोबांचा फोटो लावलाय ना, नाक तेच आहे. सरळ धरा.”

स्टेजवर वेताची कमान बसते का ते तिला पाहायचं होतं. बसत होती. तिनं टेप गुंडाळली, “थँक यू, बावडेकर,” म्हणाली आणि स्कूटरला किक मारून निघून गेली. मी कोण आहे हे पक्कं ठाऊक असूनही तिनं मला टेप धरायला लावली होती, हे माझ्या डोक्यात शिरलं ते ती गेल्यावर. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आरशात नाक निरखलं आणि बऱ्याच दिवसांनी एकटाच हसलो.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी चौतिशीत होतो. आमचा धंदा हळदीचा. सांगलीच्या यार्डात आजोबांनी पेढी उभी केली, वडिलांनी गोदामं बांधली, शीतगृह काढलं, हे मंगल कार्यालय उभारलं, आणि मी या सगळ्याचा आयता वारस. आई मी शाळेत असतानाच गेली. वडीलही जाऊन पाच वर्षं झाली होती. विश्रामबागेत मोठा बंगला, जेवणाच्या टेबलाला बारा खुर्च्या आणि जेवायला मी एकटा. जेवण कार्यालयातून यायचं आणि कामाच्या बाई ते वाढून आपल्या घरी जायच्या. मग मी टीव्हीवर बातम्या लावायचो. त्यात निदान चार माणसं एकमेकांशी भांडत असायची, तेवढीच सोबत.

मुली सांगून येत नव्हत्या असं नाही, रांग लागली होती. पण एका मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत शीतगृहात किती पोती मावतात ते विचारलं. दुसऱ्या ठिकाणी मुलगी खरंच छान होती. आम्हाला दोघांनाच बोलायला म्हणून गच्चीवर धाडलं. मी म्हटलं, मला कारल्याची भाजी फार आवडते. ती म्हणाली, मलाही. मला शंका आली म्हणून मी म्हटलं, म्हणजे खरं सांगायचं तर मला कारलं बघवतसुद्धा नाही. ती म्हणाली, मलाही! मी जिना उतरून खाली आलो. तिचा काय दोष? तिला घरून शिकवून पाठवलं होतं. पण अशा माणसाबरोबर बसून बारा खुर्च्या भरतील असं मला काही वाटेना.

आमचे कार्यालयाचे मॅनेजर महादेवअण्णा वडिलांच्या वेळचे. मला एकेरी हाक मारायचा हक्क त्यांना होता, पण वडील गेल्या दिवसापासून त्यांनी मला ‘शेठ’ म्हणायला सुरुवात केली आणि मला आणखी पोरकं करून टाकलं. “निम्म्या महाराष्ट्रातल्या नवरानवरीला आपली हळद लागती,” ते म्हणायचे, “आन् आमच्या शेठास्नी काय हळद लागायचं नाव न्हाई.” हे ते गिऱ्हाइकांसमोरसुद्धा म्हणायचे.

वर्षातून दोनदा कार्यालयात डोकावणारा मी टेपच्या प्रकरणानंतर तिथं रोज जायला लागलो. अण्णांनी काही विचारलं नाही. फक्त हॉलच्या दाराशी एक खुर्ची आणून ठेवली, जिथून फाटकातून येणारी स्कूटर दिसते.

ती येताना अंगाला औषधांचा वास घेऊनच यायची. घरात आई-वडील नव्हते. दोघी बहिणींना सिंधूआत्यानं वाढवलं होतं. आत्या मिरजेच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी पटवून दिलेलं नव्हतं. त्या हुकूम सोडायच्या आणि लग्नाची धावपळ सगळी शलाका करायची. एकदा ती जेवणाची चव बघायला आली. आचाऱ्यानं वाटीत आमटी दिली.

“गूळ जास्त झालाय,” ती म्हणाली.

“शेठना अशीच लागते, ताई,” आचारी म्हणाला. “आम्ही बंगल्यावरबी अशीच पाठवतो.”

ती माझ्याकडं वळली. “तुम्हाला एवढी गोड आमटी आवडते?”

“नाही,” मी म्हटलं. “वडिलांना आवडायची.”

“मग गेली पाच वर्षं कशाला खाताय?”

“कुणी विचारलंच नाही.”

“म्हणजे कुणी विचारायची वाट बघत बसायचं? तोंड आहे ना तुम्हाला?” ती आचाऱ्याला म्हणाली, “शेठना तिखट आमटी आवडते. कळलं?” आणि मला म्हणाली, “आवडते ना? की तेही मीच ठरवू?”

त्या रात्री बंगल्यावर तिखट आमटी आली. मी तीन वाट्या ओरपल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती फुलांच्या माळांचं ठरवत असताना तिचा फोन वाजला. कवठेपिरानकडच्या एका मळ्यातली गाय अडली होती. ती तशीच धावली, तर स्कूटरचं मागचं चाक बसलेलं. मी म्हटलं, गाडी आहे माझी. ती म्हणाली, “सीट खराब होईल.” मी म्हटलं, होऊ दे.

मळ्यात पोचलो तेव्हा गाय आडवी पडली होती आणि शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागला होता. शलाकानं बाह्या सरसावल्या, हात घालून पाहिलं, वासराच्या पुढच्या पायांना दोरी बांधली आणि दोरीचं टोक मागं फेकलं. ते माझ्या छातीवर येऊन आदळलं.

“मी सांगते तेव्हाच ओढायचं. गाय कळ देईल तेव्हा. आधी नाही, नंतर नाही.”

“ए पावनं,” शेतकरी माझ्यावर ओरडला, “बगत काय ऱ्हायलाय? वडा की!”

मी ओढली. पाय घसरून शेणात बसलो, उठलो, परत ओढली. शर्टाचं जे व्हायचं ते झालं. शेवटी एकदम दोरी सैल पडली, मी पुन्हा खाली बसलो आणि माझ्या पुढ्यात एक ओलंगिच्च वासरू येऊन पडलं. शलाकानं त्याच्या नाकातोंडातली घाण काढली, गवताची काडी नाकात फिरवली. वासरू शिंकलं. शेतकऱ्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुन्हा पडता पडता वाचलो. एवढा आनंद मला आमच्या शीतगृहाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

मग गोठ्याबाहेर चहा पीत बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, “एक गंमत सांगू? कुणी ‘शेठ’ म्हणून हाक मारली की तुम्ही आधी मागं वळून बघता. वडील आलेत का म्हणून.”

ते खरंच होतं आणि आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“तुम्हाला भीती नाही वाटत माझी?” मी विचारलं. “लोक जरा जपून बोलतात माझ्याशी.”

“तुमची नाही वाटत. पण श्रीमंत माणसांची वाटते. त्यांना कुणी नाही म्हणत नाही ना, मग पुढं पुढं त्यांना ‘नाही’ ऐकूच येत नाही. आमचे एक नातेवाईक आहेत तसले.” ती हसली. “चला, सीट खराब करायची आहे ना?”

विचारायचं ते त्याच क्षणी विचारावं असं जिभेवर आलं होतं. पण तिच्या बहिणीचं लग्न माझ्याच कार्यालयात होतं. आता विचारलं आणि तिला ‘नाही’ म्हणायचं असलं, तर ती ते म्हणणार कशी? मनात नाही नाही ते येईल तिच्या. लग्न एकदा पार पडू दे, वरात निघू दे, मग विचारायचं, म्हणजे तिला मोकळेपणानं नाही म्हणता येईल. असा मी निश्चय केला आणि आलेला दिवस ढकलत राहिलो.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून कार्यालयात होतो. आजवर मी आमच्याच हॉलमधल्या लग्नांत पाहुण्यासारखा यायचो. मला सोफ्यावर बसवायचे, सरबत द्यायचे, यजमान फोटो काढून घ्यायचे आणि मी निघायचो. त्या दिवशी शलाकानं मला आल्या आल्या अक्षतांचं तबक हातात दिलं आणि “दाराशी उभे राहा, कुणाला सुटू देऊ नका,” म्हणून सांगितलं. मी दाराशी उभा राहिलो. कुणालाही सुटू दिलं नाही.

मुहूर्त झाला. अक्षता पडल्या. कन्यादान मुलीच्या काका-काकूंनी केलं. अर्धी मंडळी जेवणाच्या हॉलकडं पांगली आणि स्टेजवर होमाची तयारी झाली. आणि तिथं घोटाळा झाला.

“मुलीच्या भावाला बोलवा,” गुरुजी म्हणाले. “लाह्या कोण घालणार? पुढं कानही पिळायचाय.”

मुलीचा भाऊ म्हणजे काकांचा मुलगा श्रीरंग. तो बंगळुराहून निघाला होता आणि त्याची बस धारवाडच्या अलीकडं बंद पडली होती. तो येणार होता संध्याकाळी. काकांनी दुसऱ्या कुणाला शोधायला मान वर केली, तर घरातले सगळे पुरुष काकांच्याच वयाचे.

नवऱ्या मुलाचे एक काका खुर्चीत रेलून म्हणाले, “मुलीला भाऊ नाही वाटतं? मग आमच्या निनादची चंगळ आहे. कान पिळणारंच कुणी नाही!”

चार जण हसले. ते थट्टेनं म्हणाले होते, पण मुग्धाचा चेहरा उतरला. तिनं खाली मान घातली आणि मुंडावळ्या हलल्या. वडील नाहीत, भाऊ नाही, हे त्या पोरीला नेमकं बोहल्यावर आठवावं!

सिंधूआत्या ताडकन उठल्या. शाळेत घंटा झाल्यावर उठत असतील तशा. त्यांची नजर हॉलभर फिरली आणि दाराशी तबक घेऊन उभ्या असलेल्या माझ्यावर येऊन थांबली.

“नाही कसा? हा काय भाऊ! यशोधनराव, या इकडं. महिनाभर घरच्यासारखे राबताय. तुम्ही आमच्या घरातलेच आहात. घालाल ना लाह्या?”

सगळ्यांच्या माना वळल्या. मुग्धानंही वर पाहिलं.

“घालेन की!” मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं म्हणालो की जेवणाच्या हॉलमधून दोघं-तिघं बघायला आले.

मला किती आनंद झाला ते कसं सांगू? ‘घरातलेच आहात’ असं कुणीतरी चारचौघांत म्हणालं होतं. आत्यांनी कुणाची तरी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. काकूंनी कपाळाला गंध लावलं. मी नवरदेवासारखा हसत होतो. तेवढ्यात महादेवअण्णांनी माझी बाही ओढून मला खांबाआड नेलं.

“शेठ, काय करून बसलासा?”

“काय झालं? लाह्या तर घालायच्यात.”

“लाह्या घाला न्हाईतर चुरमुरे घाला. पर धाकटीचं भाऊ झाल्यावर थोरलीचं कोन हुनार तुमी?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरंच हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शलाका! मी तिला चहूकडं शोधलं. ती हॉलमध्ये नव्हती. नवऱ्याकडच्या काही मंडळींना बिनकांद्याचं जेवण हवं होतं, ते बघायला ती मुदपाकखान्यात गेली होती.

मी गुरुजींच्या कानाशी लागलो. “गुरुजी, एक शंका. नुसतं तात्पुरतं उभं राहिलं तर ते काही खरं नातं नसतं ना?”

गुरुजी समिधा रचत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, “अहो, अग्नीसमोर तात्पुरतं असं काही नसतं. आज भाऊ म्हणून उभे राहिलात की जन्माचे भाऊ. भाग्य लागतं. हात धुवा.”

मी हात धुतले. दुसरं काय करणार? आता नाही म्हणावं तर मुग्धाच्या डोळ्यांत पुन्हा पाणी येणार, तो काका पुन्हा खुर्चीत रेलणार आणि आत्यांचा शब्द पडणार. हो म्हणावं तर माझा निकाल लागलेला. मनोळीकरांचा मानसपुत्र म्हणून जन्मभर त्यांच्याकडं येणंजाणं होईल, शलाकाच्या लग्नातही मलाच उभं करतील, आणि तिच्या नवऱ्याचा कान पिळायलाही मलाच बोलावतील! या विचारात मी सूप उचललं ते तिरकंच, आणि त्यातल्या लाह्या सांडल्या.

“सावकाश,” गुरुजी म्हणाले. “पहिल्यांदाच करताय ना? मुलीच्या ओंजळीत घाला.”

मुग्धानं ओंजळ पुढं केली. माझ्याकडं बघून इतक्या मायेनं हसली की मला पळूनही जाववेना. मी मुठीत लाह्या घेतल्या.

“थांबा!”

मुदपाकखान्याच्या दारातून शलाका पदर खोचून येत होती. हातात झारा तसाच होता. ती तडक स्टेजवर चढली, झारा काकूंच्या हाती दिला आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं ती काहीतरी विचारेल. तिनं विचारलं नाही. सरळ माझ्या हातातलं सूप काढून घेतलं.

“बाजूला व्हा,” ती म्हणाली.

“अगं शलाका!” आत्या ओरडल्या. “काय हे? मीच बोलावलंय त्यांना. श्रीरंग नाही पोचला, भावाचा मान...”

“हिच्या लाह्या मी घालणार. हिला शाळेत कुणी सोडलं? हिचा अभ्यास कुणी घेतला? कॉलेजच्या दारात शिट्टी मारणाऱ्या पोराला कुणी बडवलं? भावाची सगळी कामं मी केलीत, तर मान दुसऱ्याला का?”

“पण माणूस उभा केल्यावर खाली उतरवतात का कुणी? यशोधनरावांना काय वाटेल?”

“काय वाटायचं ते वाटू दे,” शलाका माझ्याकडं न बघता म्हणाली. “ते नकोत. दुसरं कुणीही चालेल, पण ते नकोत.”

नवऱ्याकडचे ते काका सरसावून बसले. मी टोपीसकट स्टेजवरून उतरलो.

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. “मी असं आजवर केलेलं नाही,” ते म्हणाले. “पण अग्नीला काय, लाह्या मिळाल्याशी कारण. घाला, ताई.”

तिनं लाह्या घातल्या. बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालताना तिचे डोळे भरून आले होते, पण हात जराही हलला नाही. मग कान पिळायची वेळ आली. इतर लग्नांत भाऊ लाजत लाजत नवऱ्याच्या कानाला हात लावतो आणि लोक हसतात. शलाकानं निनादचा उजवा कान बैलाचा धरतात तसा धरला आणि पिळला. नवरदेव बसल्या जागी हातभर उंच झाला.

“ह्या पोरीला रडवलंत,” ती म्हणाली, “तर दुसराही आहे.”

“नाही रडवणार,” निनाद कळवळून म्हणाला. “खरंच नाही रडवणार. सोडा!”

सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या, मुग्धा तर हसून हसून वाकली. रेललेल्या काकांनी नकळत स्वतःचा कान चाचपला. मीही हसलो असतो, पण मी तोवर कोठीघराच्या वाटेला लागलो होतो.

कोठीघरात कुणी नव्हतं. मी कांद्याच्या पोत्यावर बसलो. नातं टळलं म्हणून माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, आणि खरं तर तो पडलाही होता. पण तेवढ्यानं भागेना. ‘दुसरं कुणीही चालेल, पण ते नकोत.’ तिला माझा हेतू कळला असेल आणि तिनं असं परस्पर उत्तर दिलं असेल. की तिच्या लेखी मी भाऊ व्हायच्याही लायकीचा नव्हतो? टेप धरायला, दोरी ओढायला, दाराशी उभा राहायला मी चालत होतो. बाकी कशाला नाही. मला कुणी नाही म्हणत नाही, अशी माझी किती दिवसांची तक्रार होती. आता म्हणालं कुणीतरी, तर ते असं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. कांदे होते म्हणून बरं.

दार ढकलून शलाका आत आली. तिच्या हातात एक शर्टपीस आणि त्यावर नारळ होता.

“हे घ्या,” ती म्हणाली. “कानपिळीचा मान म्हणून नवऱ्याकडून मिळालाय. त्यांनी पुरुषाचं कापड आणलंय, मला काय करायचंय?”

“मान तुमचा आहे. मी कसा घेऊ?”

“रागावलात?”

“नाही.”

“न रागावलेली माणसं पंगतीत बसतात. कांद्याच्या पोत्यावर नाही.”

मी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. “डॉक्टर, एक विचारू? भाऊ म्हणूनसुद्धा मी चालत नाही तुम्हाला?”

“नाही चालत.”

“इतकं सरळ?”

“अजून सरळ सांगते. तुम्ही आज मुग्धाचे भाऊ झाला असतात तर माझे कोण झाला असतात?”

हाच प्रश्न मला मघाशी अण्णांनी विचारला होता. पण तो शलाकाच्या तोंडून येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“मला भाऊ नकोय, बावडेकर,” ती म्हणाली. “आणि रागवायचं तर मी रागवायला हवं. महिनाभर एक माणूस माझ्यामागं टेप धरून फिरतो. गाईची दोरी ओढतो. मी कधी येते म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसतो. मला वाटतं की... काय वाटायचं ते वाटतं. आणि आज आचारी येऊन सांगतो, ताई, शेठ तुमच्या बहिणीचे भाऊ झाले! बाहेर येऊन बघते तर टोपी घालून, गंध लावून, हसतोय! हो म्हणालातच कसे तुम्ही?”

तिचा आवाज शेवटी कापला. कार्यालय गाजवणारी ही बाई आता रडेल की काय असं मला वाटलं आणि मी उठून उभा राहिलो.

“आत्या म्हणाल्या, तुम्ही आमच्या घरातलेच आहात,” मी म्हणालो. “मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकलं आणि मी लगेच हो म्हणून टाकलं. नातं कुठलं ते विचारायचं राहूनच गेलं.”

पदराच्या टोकानं तिनं डोळे टिपले आणि कांद्यांकडं रागानं पाहिलं.

“मग आता विचारा,” ती म्हणाली.

“मी लग्न पार पडल्यावर विचारणार होतो. म्हणजे तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये. नाही म्हणायचं असलं तर...”

“लग्न पार पडलंय. पंगतीत जिलेबी आलीय. विचारा.”

“माझ्याशी लग्न कराल?”

“करीन,” ती म्हणाली. “आणि बोलताना दर वेळी ‘नाही’ची सोय करून ठेवायची गरज नाही. म्हणायचं असेल तेव्हा मी आपली आपण म्हणेन.”

मी हसलो की रडलो ते मला आता आठवत नाही. ती म्हणते दोन्ही. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं आणि घामाघूम झालेल्या सिंधूआत्या आत आल्या.

“इथं आहात होय! यशोधनराव, किती शोधलं तुम्हाला. अहो, मनाला लावून घेऊ नका हो. ही आमची पोरगी अशीच आहे, फाटक्या तोंडाची. पण मी शब्दाची पक्की आहे. तुम्हाला घरातलं म्हटलं ते म्हटलं. आज मान हुकला तर हुकला, दिवाळीला भाऊबीजेला आमच्याकडंच यायचं. मी स्वतः पाट मांडीन आणि दोघी बहिणी तुम्हाला ओवाळतील.”

मी शलाकाकडं पाहिलं.

“येतील ते, आत्या,” ती म्हणाली. “पण भाऊबीजेला नाही. आदल्या दिवशी.”

“आदल्या दिवशी कशाला? आदल्या दिवशी तर पाडवा. पाडव्याला बहीण कुठं ओवाळते? पाडव्याला बायको नवऱ्या...”

आत्या थांबल्या. त्यांनी शलाकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा शलाकाकडं पाहिलं. मग शेजारच्या बटाट्याच्या पोत्यावर मटकन बसल्या.

“अगं बाई!” त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. “आणि मी सगळ्यांच्या देखत ह्यांना तुझा भाऊ करायला निघाले होते!”

“म्हणून तर खाली उतरवलं,” शलाका म्हणाली आणि येऊन माझ्या शेजारी कांद्याच्या पोत्यावर बसली.